थांबा म्हणावं

मिथुनला नांगराच्या मागं उभं केलं की त्याची कंबर धरायची. तीच कंबर लॅपटॉपवर ट्रॅक्टर चालवायला बसली की भात गार होऊन जाईपर्यंत ताठ राहायची. त्याच्या बायकोने, पुष्पाने, ही गोष्ट लग्नानंतरच्या पहिल्याच लावणीत मनात टिपून ठेवली होती. माणसं तोलायची तिला सवयच होती. कोण किती बोलतो आणि त्यातलं किती करतो, कोण हात हलवत येतो आणि जाताना डबा भरून नेतो, हे सगळं ती तोंडी सांभाळायची. नवऱ्याच्या खात्यात तिने दोनच गोष्टी मांडल्या होत्या. हात हुशार, कंबर सोयीची.

हात हुशार होते हे मात्र खरं. मिथुन हद्दीपलीकडच्या, गुजरातेतल्या कारखान्यात वायरमन होता. तलासरीपासून आत, डोंगराच्या अंगाला असलेल्या त्यांच्या पाड्यावर कोणाचा पंखा बंद पडला की पहिली हाक त्यालाच. लॅपटॉप त्याने जुना घेतला होता, कुठल्याशा ऑफिसने टाकून दिलेला. त्यावर परदेशातल्या एका डोंगरगावात ट्रॅक्टर चालवायचा गेम होता. होता म्हणजे, सुरू व्हायचा. ट्रॅक्टर एका झाडापासून निघायचा आणि एकदम दुसऱ्या झाडापाशी उगवायचा, मधला रस्ता गुल. झाडं म्हणजे काठीवर ठेवलेली हिरवी खोकी. आणि लांबचं गाव म्हणजे नुसतं धुकं.

२०१८च्या दिवाळीआधी डहाणूला एक सायबर कॅफे बंद पडला. मिथुन तिथून पोतं भरून सामान घेऊन आला. मॉनिटर, एका मेलेल्या कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय आणि ग्राफिक्स कार्ड. कार्ड विटेएवढं, वर दोन पंखे. लॅपटॉपच्या आत ते मावणं शक्यच नव्हतं. मग त्याने लॅपटॉप पालथा घातला, पोट उघडलं, आतली वायफायची चिपटी उपटून काढली, तिच्या जागी एक चपटी वायर खोचली आणि वायरीच्या दुसऱ्या टोकाला कार्ड लावलं. सगळा संसार पाटावर उघडा मांडलेला.

त्याची आई सोनीबाई चवळीच्या शेंगा सोलत बघत होती. "याची आतडी का बाहेर काढलीस?"

"आये, आतडी नाय ती. डोळे आहेत. याला लांबचं दिसत नव्हतं. आता दिसंल."

"आणि वायफाय?" पुष्पाने विचारलं.

"या गेमला नेट लागत नाय."

"म्हणजे आता हा बाहेर कोणाशीच बोलणार नाय."

"नाय."

"बरं झालं. तुला जोडीदार मिळाला."

आधी पॉवर सप्लाय चालू करायचा, मग लॅपटॉप. क्रम उलटसुलट झाला तर कार्ड दिसायचंच नाही. मिथुनने बटण दाबलं, पंखे सूं करून फिरले, आणि मॉनिटरवर सकाळ झाली. झाडांना पानं आली. गवत वाऱ्यावर वाकलं. जिथं धुकं होतं तिथं उतरणीवर दगडी घरं निघाली, घरांवर लाल कौलं, कौलांतून धूर. आणि घरांच्या दारांत माणसं. हातात काहीबाही घेऊन आत-बाहेर करणारी, अंगभर कपड्यांतली गोरी माणसं.

"अगो, हे सगळे इथंच होते?" सोनीबाई म्हणाली. "आणि आपण रोज त्यांच्या दारावरून ट्रॅक्टर नेत होतो?"

त्याच दिवसांत जमीन वाजायला लागली.

वाजायला म्हणजे खरोखरच वाजायला. आधी खालून, बंद खोलीत कोणी पोतं टाकावं तसा धप्प आवाज. मग फळीवरची भांडी किणकिणायची, कुडाच्या भिंतीतून माती गळायची. धुंदलवाडीपासून तलासरीपर्यंत सगळ्या पाड्यांवर तेच. सरकारी गाड्या आल्या, यंत्रं बसली, साहेबांनी सांगितलं की झोपायला घरात जाऊ नका. निळ्या ताडपत्र्या आल्या. पाड्याने अंगणात तंबू ठोकले आणि हिवाळा तिथंच काढायचं ठरवलं.

आता भीती ही गोष्ट एकट्याला पुरून उरते, पण पंधरा घरं अंगणात आली की तिची जत्रा होते. ज्यांचं वर्षभर बोलणं नव्हतं त्यांच्या ताडपत्र्या एकाच दोरीला बांधाव्या लागल्या. शेजारच्या धाकल्याच्या घोरण्याची कीर्ती आजवर त्याच्या बायकोपुरती होती, ती सार्वजनिक झाली. मिथुनने घरातून वायर ओढून पाट तंबूत आणला, आणि संध्याकाळी सगळा पाडा मॉनिटरसमोर बसू लागला. मिथुन नांगरायचा, बाकीचे सल्ले द्यायचे. घरच्या शेतात कधी बांधावर न दिसलेली माणसं इथं "अरे, तो कोपरा राहिला" म्हणून ओरडायची.

गेममधल्या माणसांची बारशीही तिथंच झाली. टोपीवाला जाडा, तो सरपंच. सतत बादली घेऊन हिंडणारी बाई, ती बादलीवाली. आणि एक उंच, वाकलेला, सगळ्यांच्या मागून दार लावत येणारा, तो तलाठी.

मिथुन रस्त्याकडे बघायचा. पुष्पा माणसांकडे. म्हणून ते पहिल्यांदा तिच्याच लक्षात आलं.

एका दुपारी सरपंचाने दार उघडलं, खांद्यावर घोंगडी टाकली आणि घरामागच्या उघड्या शेतात जाऊन उभा राहिला. मागून बादलीवाली, या वेळी बादलीऐवजी कडेवर पोर. मग बाकीची घरं. सगळे शेतात, घरांकडे तोंड करून. शेवटी तलाठी आला, कुलूप लावून.

"हे काय करतात?" पुष्पाने विचारलं.

"कोण?" मिथुन वळण घेत होता.

तेवढ्यात खालून धप्प झालं. भांडी वाजली, कोंबड्या ओरडल्या. थोड्या वेळाने सगळं शांत झालं तेव्हा पुष्पाने मॉनिटरकडे पाहिलं. सरपंच घोंगडी झटकत घरात चालला होता.

एकदाच झालेली गोष्ट ती हिशेबात धरत नसे. पण पुन्हा झालं, आणि पुन्हा. दर वेळी आधी ते बाहेर, मग धप्प, मग ते आत. एकदा तिने मिथुनला हात धरून दाखवलं. तो म्हणाला, "गेमच तसा असंल. त्यांना थोड्या थोड्या वेळाने बाहेर काढत असतील."

"आणि आपली जमीन गेमची वेळ बघून हलते?"

यावर त्याने वायरी तपासल्या. हा त्याचा स्वभाव. उत्तर नसलं की वायर तपासायची. धाकल्याच्या भावाकडे वाणगावला मोठा कॉम्प्युटर होता आणि त्यावर हाच गेम होता. धाकल्या मुद्दाम जाऊन बघून आला.

"वैनी, तिकडं माणसं चालतात, कोपऱ्यापर्यंत जातात आणि पुसली जातात. घरांची दारं उघडतच नाय. दारं नुसती रंगवलेली आहेत."

"आणि तलाठी?"

"तलाठी नायच तिथं."

"तो इकडं बदलीवर आला असंल," सोनीबाई म्हणाली, आणि तंबू हसून हसून हलला. त्या हिवाळ्यात तंबू हसण्याने हलला की आधी सगळे दचकायचे, मग दुप्पट हसायचे.

पाड्याने या गोष्टीचा फार विचार केला नाही, वापर केला. घरात जाऊन चूल पेटवायची असली की बायका तंबूत डोकावायच्या. "पुष्पा, घरात आहेत ना?" पुष्पा बघायची. "आहेत. जा." आणि ते बाहेर दिसले की ती थाळी वाजवायची. थोड्याच दिवसांत "घरात आहेत ना?" हा पाड्याचा रामराम झाला. कोणाच्या अंगावर गाडगं पडलं नाही, कोणाचं पोर चेंगरलं नाही. बाहेरचे आले तर त्यांना काय सांगायचं? गेम खेळतो म्हणून सांगायचं. तसंच सांगितलं, आणि बाहेरच्यांनी कपाळाला हात लावला.

सगळं कसं छान चाललं होतं. अडलं ते भारतीच्या लग्नापाशी.

भारती मिथुनची धाकटी बहीण. उधवा गावच्या नविनशी तिचं ठरलं होतं, आणि हादऱ्यांमुळे लग्न दोनदा पुढं गेलं होतं. नविनचा बाप आता कुरकुरायला लागला होता. महालक्ष्मीच्या यात्रेआधी उरका, नाहीतर आम्ही दुसरीकडं बघतो, असा निरोप आला. भारती दिवसभर हसायची आणि संध्याकाळी भांडी घासताना एकच भांडं फार वेळ घासत बसायची. पुष्पाने तेही टिपलं होतं.

मांडव अंगणात घालता आला असता. जेवणंही. पण चौक? लग्नाच्या आधी घराच्या आतल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहायचा, त्यात देवी बसवायची, तेव्हा लग्न लागतं. सवाष्णींनी भिंतीशी बसून लिहायचा, आणि धवलेरीने शेजारी बसून लग्नाची गाणी म्हणायची. सकाळी सुरू केलं तर दिवस कलतो. आणि त्या घरात एवढा वेळ कोणी टेकलंच नव्हतं.

जिजा त्या भागातली जुनी धवलेरी. मिथुनने तिला भीत भीत विचारलं, "जिजाबाय, ताडपत्रीवर चालंल का? मी घट्ट ताणून देतो."

जिजाने त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "चालंल की. मग नवरीपण कागदाची काढू. तुझ्या त्या टीव्हीतच नांदायला पाठवू."

"तसं नाय, आत धोका..."

"सुरू केलेला चौक अर्धा टाकून उठायचं नसतं. देवीचं डोकं लिहायचं राहिलं आणि बाया उठल्या, तर ते लग्न लग्न नाय. मी गाणार नाय. दुसरी बघा."

दुसरी कोणी नव्हती. असती तरी तिनेही हेच सांगितलं असतं.

तेव्हा सगळ्यांनी पुष्पाकडे पाहिलं. तिची रेघ इतकी वाकडी यायची की लग्नाच्या भिंतीपासून तिला आधीच लांब ठेवलं होतं. "तू तुझ्या माणसांपाशी बस," सोनीबाई म्हणाली. "ते आत तोवर आमी आत."

ठरलेल्या दिवशी ऊन चांगलं पडलं. भिंत शेणाने सारवून वर गेरू दिला होता. पाड्यावरच्या बारकी, जमना आणि आणखी दोघी सवाष्णी बांबूच्या काड्यांची टोकं चावून कुंचले करून, पिठाच्या वाट्या घेऊन सोनीबाईपाशी आत बसल्या. जिजाने गाणं धरलं. बाहेर पोरं आंब्याची पानं दोरीत ओवत होती, धाकल्या भल्या मोठ्या टोपात भात शिजवायचं शास्त्र सगळ्यांना समजावत होता आणि कोणी ऐकत नव्हतं. मिथुन मांडवाच्या माळा जोडत होता. तंबूत पुष्पा एकटी, समोर मॉनिटर, पाटावर सूं सूं करणारे पंखे.

गाव शांत होतं. कौलांतून धूर. दारं बंद. आतून जिजाचं गाणं, आणि मधूनच बायकांचं खिदळणं. बारकी भारतीच्या होणाऱ्या सासऱ्याची नक्कल करत असावी, कारण नविनच्या बापाचं नाव ऐकू आलं. पुष्पाला हसू आलं. ट्रॅक्टर एका जागी उभा करून ती नुसती बघत बसली.

दिवस कलता झाला. भारतीने तंबूत डोकं घातलं. "वैनी, चौकट झाली. झाडं झाली. नाचणारे झाले. आता देवीच राहिली."

"जा, मग तू आंघोळ कर."

भारती गेली. पुष्पाने मान वळवली, तर सरपंचाचं दार उघडं होतं.

तिचा हात थाळीकडे गेला. पण तिथंच थांबला, कारण हे रोजच्यासारखं नव्हतं. घोंगड्या नव्हत्या. सरपंचाने टोपी काढून हातात धरली होती. बादलीवालीने केस विंचरले होते. ते शेतात गेले नाहीत. घरांवरून खाली, रस्त्याला लागले. सगळे एका रांगेत, ट्रॅक्टरच्या दिशेने.

म्हणजे पुष्पाच्या दिशेने.

तलाठी शेवटी निघाला. त्याने दाराला कुलूप लावलं नाही.

पुष्पा धावत घराच्या दाराशी गेली. "आये, बाहेर आले. उठा."

काड्या थांबल्या. भिंतीवर देवीचं अंग झालं होतं, हात झाले होते. मानेच्या वर गेरू कोरा होता. बारकी अर्धी उठली. जिजाने गाणं न थांबवता तिच्या गुडघ्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं. मग ओळ पूर्ण केली, श्वास घेतला आणि पुष्पाला म्हणाली, "किती वेळ लागतो डोक्याला? त्यांना थांबा म्हणावं."

"कोणाला?"

"तुझ्या माणसांना. तुझंच ऐकतील ना? जा. थांबा म्हणावं."

फळीवरचा तांब्या किणकिणला.

पुष्पा परत तंबूत आली. रांग फार जवळ आली होती. आजवर त्यांचे चेहरे एवढे मोठे कधी झाले नव्हते. सरपंचाच्या गालावरचे देवीचे व्रण दिसत होते. बादलीवालीच्या कडेवरचं पोर अंगठा चोखत सरळ तिच्याकडे बघत होतं.

तिला लाज वाटली. यंत्राशी बोलायची लाज. इकडं तिकडं कोणी नाही हे बघून ती हळूच म्हणाली, "थांबा जरा."

खालून धप्प आवाज निघाला होता. तो अर्ध्यातच राहिला. शिंक यावी आणि नाकातच अडकावी, तसा.

आणि रस्त्यावरची सगळी माणसं, एकामागून एक, कडेच्या गवतात खाली बसली.

आत जिजाने पुढची ओळ घेतली.

लग्न झालं, आणि असं झालं की पाडा अजून सांगतो. नविनचा बाप येताना तोंड वाकडं करून आला आणि नाचताना चप्पल हरवून बसला. तारपा फुंकणाऱ्याभोवती फेर धरला तेव्हा जिजा सगळ्यांत पुढं होती आणि शेवटपर्यंत दमली नाही. धाकल्याचा भात खाली लागला. तो म्हणाला, मुद्दाम लावला, चव येते. भारती निघताना रडली, पण पुष्पाला गळ्यात धरून तिच्या कानात म्हणाली, "वैनी, देवीचा चेहरा किती छान आलाय, बघितलास?" आणि रडता रडता हसली. भारतीच्या नावावर पुष्पाने त्या दिवशी फक्त जमा मांडली.

त्या दिवशी हादरा बसला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. शेजारच्या पाड्यांवर जमीन वाजतच होती, तिकडचे लोक अजून अंगणात झोपत होते. या पाड्यावर मात्र फळीवरची वाटीही हलेना. साहेब यंत्र बघून गेले, यंत्राला टिचक्या मारून गेले. हळूहळू ताडपत्र्या उतरल्या. घरांना सारवणं झाली. सोनीबाई भिंतीवरच्या चौकाखाली अंथरूण घालून पहिल्यांदा गाढ झोपली. लोक म्हणायचे, देवीने राखलं. जिजा म्हणायची, पुरं लिहिलं म्हणून राखलं.

पुष्पाला एक गोष्ट माहीत होती, आणि ती कोणाच्या खात्यात मांडावी हे कळत नव्हतं. तिने जा म्हटलं नव्हतं. परत फिरा म्हटलं नव्हतं. थांबा म्हटलं होतं. आणि थांबा म्हटलेलं माणूस जात नसतं. ते फक्त थांबलेलं असतं.

ते तिथंच होते. रस्त्याच्या कडेला, गवतात, सगळं गाव. मागं घरांची दारं उघडी, कौलांतून धूर नाही.

मिथुन म्हणाला, "हँग झालाय. रिस्टार्ट मारतो."

"हात लावू नको."

"अगो, पंखे झिजतील कार्डाचे."

"झिजू दे. नवीन आण."

मग त्याने पाड्यावर सांगितलं की बायको गेमच्या नादी लागली, माझ्या वरताण. लोक हसले. त्यानेच वाणगावहून बॅटरी आणून दिली, लाईट गेली तरी बंद पडू नये म्हणून. हात हुशार. कंबरेचं मात्र पुष्पाने खोडून टाकलं, कारण ती बॅटरी त्याने स्टेशनपासून डोक्यावर आणली होती.

आता तो पाट घरात, चौकाच्या समोरच्या भिंतीशी असतो. पुष्पा सकाळी चूल पेटवायच्या आधी तिथं जाते. दारी आलेल्या पाहुण्याला म्हणावं तसं रोज एकदा म्हणते, "बसा हो. बसा." ते बसलेलेच असतात. कधी सरपंच टोपी गुडघ्यावर फिरवतो. कधी पोर झोपलेलं असतं. त्यांची तक्रार दिसत नाही. चेहरे चांगले आहेत, लग्नघरच्या माणसांसारखे. तिला आता त्यांची सवय झाली आहे. कधी कधी ती तिथंच तांदूळ निवडते, भारतीला दिवस गेल्याची बातमीही तिने आधी त्यांनाच सांगितली.

आज सकाळी ती गेली तेव्हा बादलीवाली उभी होती. पोर कडेवर घेतलेलं. तिने मागं हात नेऊन घागऱ्याला लागलेलं गवत झटकलं आणि पुष्पाकडे पाहून मान जराशी हलवली, निघायच्या आधी पाहुणी हलवते तशी.

"बसा की," पुष्पा म्हणाली.

बाई बसली नाही.